हजार विड्या आणि एक घर

सोलापूरच्या पूर्व भागात विडीची मजुरी हजाराच्या भावाने ठरते, आणि त्यामुळे हजार हा आकडा तिथल्या हजारो बायकांच्या दिवसाचं माप होऊन बसला आहे. कारखान्यातून तेंदूची पानं आणि तंबाखू वजन करून घरी आणायची, पानं भिजवायची, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची आणि सूप मांडीवर घेऊन वळायला बसायचं. चिमूटभर तंबाखू, पानाची वळी, तोंड दुमडणं, वर दोरा. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. असे चाळीस कट्टे झाले की हजार पुऱ्या झाल्या. मग ते घेऊन परत कारखान्याच्या रांगेत उभं राहायचं, तपासणी व्हायची, खराब म्हणून काही विड्या बाजूला काढल्या जायच्या, उरलेल्यांची नोंद पुस्तकात व्हायची.

व्यवस्थापनाच्या पुस्तकांत उद्दिष्टाची थोरवी फार गायलेली असते. कामगाराला नेमका आकडा द्या, तो थोडा अवघड ठेवा, किती झालं हे त्याला वेळच्या वेळी कळू द्या, म्हणजे तो उमेदीने काम करतो आणि कामही वाढतं. या कसोटीवर विडी वळणारी बाई साऱ्या देशात पहिली यायला हवी. तिचा आकडा नेमका आहे. तो अवघडही आहे. सराईत हातालाही हजार विड्यांना पुरा दिवस लागतो आणि बऱ्याच घरांत पानं कापायला, तोंडं दुमडायला लेकीसुनांचा हात लागतो. किती झालं हे समोरच्या कट्ट्यांवरून क्षणोक्षणी दिसतं. हात थांबत नाहीत हेही खरं. पण त्या हातांमागे पोट आहे, उमेद नाही. आपल्या मुलीच्या मांडीवर हे सूप येऊ नये म्हणून धडपडणाऱ्या आया या वस्त्यांत घरोघरी भेटतात. उद्दिष्टाच्या साऱ्या अटी पुऱ्या होऊनही उमेद का येत नाही, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. मला वाटतं, त्याचं उत्तर जितकं संशोधनात आहे तितकंच सोलापुरातही आहे.

आधी संशोधन पाहू. एडविन लॉक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं सरळ होतं. माणसाला ‘जमेल तितकं चांगलं कर’ असं सांगितलं, तर तो थोडक्यात समाधान मानतो, कारण ‘जमेल तितकं’ कुठे संपतं हे ठरवणारा तोच असतो. त्याऐवजी नेमका आणि अवघड आकडा दिला, तर तोच माणूस जास्त काम करतो. लॉकचे प्रयोग बहुतेक प्रयोगशाळेतले होते. त्याच सुमारास गॅरी लॅथम हा तरुण संशोधक अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या जंगलांत लाकूडतोड्यांच्या टोळ्यांचा अभ्यास करत होता, आणि त्याला प्रत्यक्ष कामावर हेच दिसत होतं. दोघं एकत्र आले. १९९० साली त्यांनी लिहिलेल्या ग्रंथात जवळजवळ चारशे अभ्यासांचा आधार होता. कामाच्या मानसशास्त्रात इतका घट्ट पाया असलेले सिद्धांत फार थोडे आहेत.

लॅथमचा ओक्लाहोमातला प्रयोग तपशिलात सांगण्यासारखा आहे. वेअरहाउझर या लाकडाच्या कंपनीचे ट्रक जंगलातून गिरणीकडे ओंडके नेत. कायद्याने जितकं वजन भरता येतं त्याच्या जेमतेम साठ टक्के माल भरून ट्रक निघत. चालकांचा यात आळस नव्हता. प्रत्येक झाडाची जाडी-लांबी वेगळी, त्यामुळे नजरेने वजनाचा अंदाज येत नसे, आणि जास्त भरलं तर दंडाची भीती. कंपनी सांगत होती, नीट भरा. मग लॅथम आणि त्याचे सहकारी यांनी एक आकडा ठरवला : कायदेशीर मर्यादेच्या ९४ टक्के. जादा पैसे नाहीत, बक्षीस नाही. सुधारणा झाली तर शाबासकीचे शब्द, एवढंच. पण चालकांना आधी आश्वासन दिलं होतं की फेऱ्या वाढवल्या जाणार नाहीत, आणि एकदा वाढलेलं वजन पुन्हा कमी झालं तरी कुणावर कारवाई होणार नाही.

पहिल्या महिन्यात भार ८० टक्क्यांवर गेला. दुसऱ्या महिन्यात तो ७० वर घसरला. हा दुसरा महिना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चालकांनी नंतर सांगितलं की ते व्यवस्थापनाची परीक्षा घेत होते. दिलेला शब्द पाळला जातो का, हे पाहत होते. शब्द पाळला गेला. कुणालाही जाब विचारला नाही. तिसऱ्या महिन्यात भार ९० टक्क्यांच्या वर गेला आणि तिथेच टिकला. नऊ महिन्यांत कंपनीचे सुमारे अडीच लाख डॉलर वाचले. चालकांनी अंदाज नीट यावा म्हणून ट्रकमध्ये लहानसहान बदलही स्वतःहून सुचवले. १९७५ साली हा अभ्यास छापून आला, तेव्हापासून व्यवस्थापनाच्या वर्गांत तो आकड्याची जादू म्हणून सांगितला जातो. जादू आकड्यात होती असं मानलं की त्यातला दुसरा महिना विसरला जातो.

आकडा नेमकं काय करतो हे यंत्रमागावर नीट दिसतं. टॉवेल किंवा चादरीच्या मागावरच्या कामगाराला मजुरी बहुधा नगावर मिळते. आज इतके नग काढायचे असं मनाशी धरलं की आधी लक्ष एका जागी येतं. गप्पा, चहा, शेजारच्या मागाचा गोंधळ मागे पडतो. मग जोर वाढतो. दुपारी वीज गेली आणि तास वाया गेला तरी माणूस हात झटकून मोकळा होत नाही, चिकटून राहतो. आणि चौथी गोष्ट सगळ्यात मोलाची : तो युक्ती शोधायला लागतो. कांड्या आधी भरून हाताशी ठेवणं, एका मागावरची तार जोडताना दुसऱ्यावर नजर ठेवणं, कुठल्या बीमचं सूत सारखं तुटतंय हे ओळखून आधीच सांगणं. लक्ष, जोर, चिकाटी, युक्ती. लॉक आणि लॅथम यांनी उद्दिष्टाचा परिणाम या चार वाटांनी होतो असं मांडलं आहे.

या चारही वाटा एका गोष्टीवर उभ्या आहेत : साधन कामगाराच्या हाती असलं पाहिजे. सूतच निकृष्ट असेल, दिवसातून चार वेळा वीज जात असेल, तर नगाचा आकडा फळ्यावर लिहून काही होत नाही. विडीच्या धंद्यात हेच घडतं. पानं कारखाना देतो. पानं भोकाची, करपलेली, फाटकी निघाली की हजार विड्यांना पान पुरत नाही. मग बाई पदरमोड करून पान विकत आणते, नाहीतर कमी विड्या देते. वर तपासणीत किती विड्या बाजूला पडतील हे तिच्या हाती नसतं. हा जाच इतका सार्वत्रिक होता की १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यात कच्चा माल देणं, विड्या नाकारणं आणि नाकारलेल्या विड्यांची मजुरी या तीन बाबींवरच्या तंट्यांसाठी वेगळी तरतूद करावी लागली. ओक्लाहोमातला चालक वजन मर्यादेजवळ नेऊ शकत होता, कारण ट्रक त्याच्या ताब्यात होता. विडी वळणाऱ्या बाईच्या ताब्यात तिची बोटं तेवढी आहेत.

दुसरी गोष्ट, आकडा ठरवताना आपल्याला कुणी विचारलं होतं का. यावरचा एक जुना आणि माझ्या मते सर्वांत सुंदर प्रयोग एका शिवणकारखान्यात झाला. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात मॅरियन या गावी हारवुड नावाचा पायजम्यांचा कारखाना होता. कामगार बहुतेक डोंगराळ भागातून आलेल्या बायका, मजुरी नगावर. कामाची पद्धत बदलली की त्यांचं उत्पादन घसरे, तक्रारी वाढत, बायका नोकरी सोडून जात. लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच यांनी १९४८ साली त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला बदल नुसता सांगितला : उद्यापासून असं करायचं, नवा दर हा. दुसऱ्या काही गटांना खर्च कुठे वाढतोय हे माल समोर ठेवून दाखवलं आणि नवी पद्धत, नवं माप त्यांच्यासह बसून ठरवलं. तासाला ६० नग हे तिथलं माप होतं. पहिला गट ५० च्या आसपास अडकून पडला, आणि चाळीस दिवसांत त्यातल्या १७ टक्के बायका काम सोडून गेल्या. सहभाग घेतलेले गट लवकरच जुन्या मापावर आले, पुढे साधारण १४ टक्के वरही गेले, आणि त्या काळात त्यांतलं कुणी काम सोडलं नाही.

यावर शंका येते, की पहिल्या गटातल्या बायकाच हट्टी असतील. कॉच आणि फ्रेंच यांनी तीही फेडली. त्या गटातल्या उरलेल्या बायकांना अडीच महिन्यांनी पुन्हा एकत्र आणलं, नवं काम दिलं आणि या वेळी त्यांना चर्चेत घेतलं. त्याच बायका झपाट्याने मापावर आल्या. माणसं तीच होती. त्यांच्याशी बोलण्याची रीत बदलली होती.

म्हणजे आकडा कामगारानेच ठरवायला हवा का? यावर १९८० च्या दशकात मोठा वाद झाला. मिरियम एरेझ या इस्रायली संशोधिकेला दिसत होतं की वरून लादलेलं उद्दिष्ट काम बिघडवतं. लॅथमला दिसत होतं की वरून दिलेलं उद्दिष्टही तितकंच चालतं. शेवटी दोघांनी लॉकला मध्यस्थ घेऊन एकत्र प्रयोग आखले आणि १९८८ साली निष्कर्ष एकत्रच छापले. विज्ञानात असं मोठं मन क्वचित दिसतं. उलगडा साधा निघाला. एरेझच्या प्रयोगांत आकडा तुटकपणे सांगितला जाई. लॅथमच्या प्रयोगांत तो देताना कारण सांगितलं जाई आणि हे तुम्हाला जमेल असा विश्वासही दाखवला जाई. फरक तेवढ्याने पडत होता. सोलापुरातल्या एखाद्या लहान कारखानदाराला रोज सगळ्यांची बैठक घेणं परवडणार नाही. पण आजचे नग जास्त का हवेत, माल कुणाला कधी द्यायचा आहे, हे दोन वाक्यांत सांगणं त्याला नक्कीच परवडतं.

कापडाच्या धंद्यातला आपल्याकडचा दाखला अहमदाबादचा आहे. कॅलिको मिलच्या विणाई खात्यात स्वयंचलित माग आले, तरी काम वाढेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी १९५३ साली कामाची मांडणी बदलायला सुचवलं : एकेका कामगाराला तुकड्यातुकड्याचं काम देण्याऐवजी लहान गटाकडे काही माग पूर्णपणे सोपवायचे. कामगारांनी ती कल्पना लगेच उचलली आणि गट आपापसांत स्वतःच पाडले. स्थिरस्थावर झाल्यावर उत्पादन वाढलं, कापडाचं नुकसान घटलं. त्या काळी सोलापूरच्याही मिला भरात होत्या. पुढच्या दशकांत त्या एकामागून एक बंद पडल्या. त्यामागची कारणं पुष्कळ आहेत आणि ती या प्रकरणाच्या बाहेरची आहेत.

आकडा माणसाला काय करायला लावू शकतो, याची काळी बाजू महाराष्ट्राने १९७६ मध्ये पाहिली आहे. आणीबाणीत कुटुंबनियोजन शस्त्रक्रियांची उद्दिष्टं शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांच्यापर्यंत वाटून दिली गेली. केसेस आणा, नाहीतर पगार अडकेल. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. ठरवलेल्या उद्दिष्टाच्या जवळजवळ दुप्पट. कागदावर हे अभूतपूर्व यश होतं. प्रत्यक्षात म्हातारी माणसं, न कळत्या वयाची पोरं, गोरगरीब धरून आणले गेले. तिसऱ्या अपत्यानंतर सक्ती करणारं विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केलं होतं, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून आपण वाचलो. शिक्षकाची नोकरी आकड्यावर टांगली की तो आकडा आणतो, माणूस बघत नाही. सक्ती संपली तरी आकड्यांची सवय सुटायला बराच काळ गेला. देशभर ही उद्दिष्टं रद्द झाली ती १९९६ च्या एप्रिलमध्ये. बँकेत विम्याच्या पॉलिसी खपवण्याची सक्ती असलेला कारकून किंवा मार्चअखेरीच्या वसुलीने झोप उडालेला शाखाधिकारी आजही त्याच दाबाखाली जगतो, आणि ग्राहकाच्या गळ्यात नको ते मारलं जातं ते यातूनच.

शिकाऊ माणसाच्या बाबतीत तर संख्येचं उद्दिष्ट उघड नुकसान करतं. सोलापूर आता शाळांचे गणवेश शिवणारं शहर म्हणूनही ओळखलं जातं आणि विडी सोडून मशीनवर बसणाऱ्या मुली वाढत आहेत. नव्याने आलेल्या मुलीला पहिल्या आठवड्यातच ‘दिवसाला इतक्या कॉलर’ असा आकडा दिला तर ती वेग पकडते, पण टाका वाकडा घालायची सवय तिला कायमची लागते. अमेरिकेतल्या रूथ कॅन्फर आणि फिलिप ॲकरमन यांनी १९८९ साली विमान-वाहतूक नियंत्रणाचं आभासी काम शिकणाऱ्यांवर प्रयोग करून दाखवलं की शिकण्याच्या सुरुवातीला दिलेलं संख्येचं उद्दिष्ट लक्ष खाऊन टाकतं. त्या काळात उद्दिष्ट हवं ते शिकण्याचं : या आठवड्यात कॉलरचं टोक न चुरगळता उलटवायला शिकायचं. आकडा त्यानंतर.

माणूस स्वतःहून स्वतःवर आकडा घालून घेतो का? म्हैसूरमध्ये संगणकावर नोंदी करणाऱ्या कामगारांवर सुप्रीत कौर, मायकेल क्रेमर आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी हे तपासलं. कामगारांना सकाळी विचारलं जाई, आज स्वतःसाठी उद्दिष्ट ठेवायचं का? ठेवलं आणि गाठलं तर नेहमीचीच मजुरी. चुकलं तर अर्धी. म्हणजे त्यात फायदा काहीच नाही, तोटा मात्र होऊ शकतो. तरीही साधारण ३५ टक्के वेळा कामगारांनी आपणहून उद्दिष्ट पत्करलं, आणि ही सोय दिल्याने काम वाढलं. २०१५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मजुराला शिस्त बाहेरूनच लावावी लागते, असं मानणाऱ्या प्रत्येक मुकादमाने तो वाचावा असं मला मनापासून वाटतं.

आता सोलापूरकडे येतो. ज्या बायकांना हजाराच्या आकड्याने उमेद दिली नाही, त्यांनीच दुसरं एक उद्दिष्ट धरलं आणि ते वर्षानुवर्षं सोडलं नाही. ते होतं स्वतःच्या नावावरचं घर. दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत पानाचा ओलावा, तंबाखूची धूळ, चूल आणि मुलं एकत्र असत. नरसय्या आडम, म्हणजे सोलापूरचे आडम मास्तर, आणि त्यांची कामगार संघटना यांनी विडी कामगार बायकांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. तिला नाव दिलं वारली लढ्याच्या नेत्या गोदूताई परुळेकरांचं. मागणी मोघम नव्हती. दहा हजार घरं, कुंभारीच्या माळावर, केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि बायकांचा स्वतःचा वाटा. त्या वाट्याचे पैसे विडीच्याच मजुरीतून बाजूला काढायचे होते.

मोर्चे निघाले, बायकांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिला, मंत्रालयाचे उंबरे झिजवले. शेवटी २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचं हस्तांतर झालं. आज ती वसाहत ‘विडी घरकुल’ म्हणून साऱ्या शहराला ठाऊक आहे. पुढे त्याच कुंभारी परिसरात रेनगरची योजना आली. तीस हजार घरं, आणि या वेळी विडीवाल्यांबरोबर यंत्रमाग कामगार, शिवणकाम करणारे, बांधकाम मजूर, कचरावेचकही. २०१९ च्या जानेवारीत तिची पायाभरणी आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पहिल्या पंधरा हजार घरांचं वाटप, दोन्ही पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते झालं.

लॉक आणि लॅथम यांच्या चष्म्यातून पाहिलं तर यात सगळं आहे. उद्दिष्ट नेमकं होतं, आणि इतकं अवघड की अनेकांनी ते वेडेपणाचं ठरवलं होतं. प्रगती दिसत होती : वाटा भरल्याची पावती, जमिनीचा कागद, मग पाया, मग भिंत. युक्ती होती, एकटीला कर्ज कोण देणार, म्हणून हजारोंनी मिळून संस्था केली. आणि हजाराच्या आकड्यात जे कधीच नव्हतं ते इथे होतं. घर हवं हे बाईने स्वतः म्हटलं होतं, आणि गाठलं तर ते तिच्याच नावावर होणार होतं. हजार विड्या पुऱ्या झाल्या की त्यांचं पुढे काय होतं याच्याशी तिचा संबंध संपतो. चाळिसावा कट्टा बांधून तिचं काहीच वाढत नाही. उद्या पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात.

घराच्या लढ्याचा हा दाखला मालकवर्गापुढे ठेवताना एक सावधगिरी हवी. उद्दिष्टाचं शास्त्र हे मजुरीला पर्याय नाही. ओक्लाहोमाच्या चालकांना जादा पैसे दिले नाहीत हे खरं, पण त्यांना आधीच पोटापुरता पगार होता, संघटना होती आणि आपल्याला शिक्षा होणार नाही ही खात्री होती. जिथे मजुरीच अपुरी आहे तिथे फळ्यावरचा आकडा, महिन्याचा उत्तम कामगार, सत्काराची शाल यांनी काही साधत नाही. कामगाराला त्यातली लबाडी लगेच कळते. विडी घरकुलातल्या बाईचं घर तिचं झालं, पण हजार विड्यांचा दर आजही दुसरेच ठरवतात. पान कसं मिळतं आणि किती विड्या नाकारल्या जातात हे प्रश्नही घराच्या किल्लीने सुटलेले नाहीत. किमान वेतनाच्या फेरआखणीसाठी सोलापुरात निघणारे मोर्चे त्यासाठीच निघतात, आणि त्यांत घर मिळालेल्या बायकाही चालतात.